मागचं दार उघडेना

तुमच्या घरी जुनी मोटार असेल तर तिचं एखादं दार रुसलेलं असणारच. आणि ते मागचंच असणार, हे मी पैज लावून सांगते! पुढच्या दारांचं तसं नसतं. चालवणाऱ्याचं दार अडलं की गाडी त्याच दिवशी गॅरेजात जाते. मागचं अडलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "दुसरं दार आहे ना, तिकडून उतरा." मागे बसतं कोण? आपण, मुलं आणि म्हातारी माणसं. तेव्हा दुसऱ्या दारानं उतरायचं ते आपणच!

आमची गाडी २००८ सालची, छोटी, चार दारांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो. गाडीची बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात उतरलेली, त्यामुळे ती बिचारी अंगणातच पाण्यात उभी राहिली. पुढे इंजिन उघडून साफ झालं, सीटा उन्हात वाळल्या, गाडी पुन्हा चालू लागली. दारांच्या पोटात काय साठून राहिलंय, ते मात्र कुणीच पाहिलं नाही.

डावीकडचं मागचं दार त्यानंतर हळूहळू बिघडत गेलं. आधी आतून उघडायला जड, मग बाहेरून दोन हिसके दिल्यावर उघडणारं, आणि एके दिवशी ठप्प. आमचे हे म्हणाले, "बघू सवडीनं." ती सवड आठ महिने मिळाली नाही. मीही काही बोलले नाही, हे कबूल करायला हवं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते. म्हणजे डावं दार फुटपाथकडे उघडतं आणि उजवं थेट रहदारीत. डावं मागचं दार बंद पडलं की मागच्या प्रत्येक माणसाला धावत्या वाहनांच्या बाजूला उतरावं लागतं. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. आधी एक पाय बाहेर, मग दाराला धरून दुसरा, मग उभं राहायचं, असं त्यांचं उतरणं. गणपती पेठेत एकदा त्या अशाच अर्ध्या उतरलेल्या असताना एक मोटरसायकल दाराला घासून गेली. लागलं काही नाही. पण त्या किती तरी वेळ दाराला धरून तशाच उभ्या होत्या.

त्यानंतर दर पौर्णिमेची त्यांची नरसोबाची वाडी बंद झाली. "तुम्ही जा गं, मला कुठं जायचंय आता," असं म्हणायच्या. आम्हाला वाटलं, वय झालं. माझी सातवीतली लेक एकदा जेवताना सहज बोलून गेली, "आजीला त्या बाजूनं उतरायची भीती वाटते, म्हणून ती येत नाही." ताटावर सगळेच गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी गॅरेजात नेली. तिथल्या मुलानं दोन्ही हँडलं खसाखसा ओढली, फटीतून कसला तरी फवारा मारला आणि सांगितलं, "दार कापावं लागेल मॅडम. लॉक, पत्रा, रंग धरून सात-आठ हजार जातील." मी गाडी घेऊन परत आले. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाचे वडील गाड्यांच्या दारा-काचांचंच काम करतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, ओढाओढी करू नका. कोणतं हँडल हलकं लागतंय आणि खुंटी किती वर येतेय, तेवढं आधी बघून सांगा."

खरं सांगते, त्या एका प्रश्नानं माझी अर्धी भीती गेली. कारण दाराची रचना समजली तर ती काही फार अवघड नाही. दाराच्या कडेला एक पोलादी आकडा असतो आणि गाडीच्या खांबावर एक पक्की कडी. दार लावलं की आकडा कडीला पकडतो. हँडल ओढलं की एक बारीक सळई, काही गाड्यांत केबल, त्या आकड्याला सोडवते. बाहेरच्या हँडलाची सळई वेगळी, आतल्या हँडलाची वेगळी, कुलपाच्या खुंटीची तिसरी. म्हणजे दार अडलं तर एक तर सळई निसटलेली असते, नाही तर खुंटी पुरती वर येत नसते, नाही तर आकडाच घाणीनं आणि गंजानं जाम झालेला असतो.

तेव्हा हातात काहीही घेण्याआधी पाच मिनिटं नुसती तपासणी करा. दार आतून उघडत नाही पण बाहेरून उघडतं? मग नव्वद टक्के तो बिघाडच नव्हे, चाइल्ड लॉक आहे. मागचं दार उघडून त्याची कड बघा. आकड्याच्या जवळपास एक छोटी दांडी दिसेल, काही गाड्यांत किल्लीनं फिरवायची खाच असते. मूल आतून दार उघडून पडू नये म्हणून ती केलेली. ती लागलेली असली की आतलं हँडल मुकं होतं. माझ्या बहिणीकडे मुलगा कॉलेजात गेला तरी ते लॉक लागलेलंच होतं, आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की हँडल तुटलंय! लहान मूल मागे असेल तर ते जरूर लावा. म्हातारं माणूस बसणार असेल तर काढून ठेवा.

उलट, आतून उघडतं पण बाहेरून नाही, असं असेल तर बाहेरच्या हँडलाची सळई निसटलीय किंवा तिला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप फुटलीय. दहा-पंधरा वर्षांच्या उन्हानं ती क्लिप शिळ्या पापडासारखी होते.

दोन्हीकडून उघडत नसेल तर खुंटीकडे बघा. आणि हे बघणं नुसत्या डोळ्यांनी नको, शेजारच्या चांगल्या दाराशी ताडून बघा. आमच्या दोन्ही मागच्या खुंट्या मी कुलूप उघडून मोजल्या. अडलेल्या दाराची खुंटी गव्हाच्या दोन दाण्यांएवढी खाली होती. एवढंसं ते अंतर! पण खुंटी पुरती वर आली नाही तर आतलं कुलूप सुटतच नाही, आणि हँडल पोकळ वाटतं. खुंटी पूर्ण वर आहे, हँडलाला नेहमीचा जोर लागतोय, तरी दार हलत नाही, असं असेल तर आकडा जाम आहे असं समजायचं.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी आणि लेक कामाला लागलो. आमचे हे पेपर घेऊन ओट्यावर बसले होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या, म्हणजे तसं दाखवत होत्या.

पहिला उपाय बिनखर्चाचा. एकानं बाहेरून कमरेचा भार देऊन दार आत दाबायचं, आणि दाबलेलं असतानाच हँडल ओढायचं. दुसऱ्यानं आत बसून खुंटी वरखाली करत राहायचं. दाराभोवतीची रबरी पट्टी दाराला सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे आकडा कडीवर ताणून बसलेला असतो. दार आत दाबलं की तो ताण उतरतो. आपण काय करतो? नेमकं उलट, दार बाहेर ओढतो आणि आकडा आणखी घट्ट बसवतो! हिसके देऊन बाहेरचं प्लॅस्टिकचं हँडल तेवढं हातात येतं.

तेवढ्यानं भागलं नाही तर तेल. पूर्वी घराघरात रॉकेल असायचं, आता हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मिळतो. त्याला बारीक नळी असते. ती दाराच्या फटीतून नेमकी कुठे धरायची? पलीकडचं मागचं दार उघडा, जमिनीपासून आकडा किती उंचीवर आहे ते शिवणाच्या टेपनं मोजा, आणि तेवढ्याच उंचीवर या दाराच्या फटीत नळी घाला. गॅरेजातल्या त्या मुलानं फवारा चांगला वीतभर खाली मारला होता! मारल्यावर अर्धा तास थांबायचं, पुन्हा मारायचं. रबरी पट्टीवर तेल सांडलं तर लगेच पुसा, रबर त्यानं फुगतं. आणि हा फवारा पेट घेणारा असतो, तेव्हा उदबत्ती, गॅस, सिगारेट सगळं लांब.

दोन वेळा तेल घालून आमचं दार हललं नाही. मग आतलं पॅनेल काढायचं ठरलं. दार बंद असताना पॅनेल काढणं ही जरा कसरत आहे, कारण त्याची खालची कड सीटच्या आड असते. म्हणून आधी मागच्या सीटची बैठक काढली. आमच्या गाडीत ती पुढची कड जोरानं वर उचलली की खटक्यातून सुटते. काही गाड्यांत बोल्ट असतो, तो आधी बघा. बैठकीखाली काय सापडलं ते विचारू नका. सव्वीस रुपयांची चिल्लर, तीन पिना, लेकीचं पहिलीतलं खोडरबर आणि २०१९ चा वाळलेला गाळ.

त्यानंतर बॅटरीची एक वायर काढून ठेवली. दारात सेंट्रल लॉकची छोटी मोटर असते. आपला हात आत आणि कुणी रिमोट दाबलं तर बोट चिमटायला नको. त्याआधी काच पूर्ण वर घेतलेली हवी, हेही सांगून ठेवते. काच खाली असली तर ती दाराच्या पोटातली सगळी जागा अडवते आणि हात घालायला वाव राहत नाही.

काच फिरवायचं हँडल हातानं फिरवण्याचं असेल तर त्याला स्क्रू दिसत नाही. ते मागून एका तारेच्या क्लिपेनं धरलेलं असतं. इथे उपयोगी पडली जुन्या धोतराची पट्टी! हँडल आणि पॅनेल यांच्या मधल्या फटीत ती पट्टी घालायची आणि दोन्ही टोकं धरून, ताक घुसळताना दोरी ओढतो तशी, इकडून तिकडे ओढायची. कापडाच्या धाग्यात क्लिप अडकते आणि टुणकन बाहेर उडते. ती कुठे उडाली ते बघायला एक माणूस बसवा, नाही तर पुढचा तास शोधण्यात जातो. परत लावताना क्लिप आधी हँडलात बसवायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं.

आतल्या हँडलाच्या वाटीत एक स्क्रू, हात टेकायच्या दांड्याखाली दोन. ते काढले की पॅनेल कडेनं नुसतं प्लॅस्टिकच्या क्लिपांवर उभं असतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर रंग जातो. मी लाकडी कालथ्याला फडकं गुंडाळलं आणि क्लिपेच्या अगदी शेजारी घालून एकेक सोडवली. जुन्या क्लिपा दोन-तीन फुटतातच, आधीच पाच-सहा आणून ठेवा. सगळ्या सुटल्यावर पॅनेल वर उचलून काढायचं.

पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या गोंदानं चिकटवलेला असतो. तो फाडू नका, हळूहळू सोलून काढा. हा कागद बिनकामाचा नव्हे. काचेवरून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतच असतं, ते आत सीटवर येऊ नये म्हणून तो पडदा. पुष्कळ गॅरेजांत तो ओरबाडून फेकतात आणि मग आपण दर पावसाळ्यात पायाखाली ओल का येते म्हणून विचार करत बसतो.

आता हात आत घालायचा. पत्र्याच्या कडा आतून सुरीसारख्या असतात. माझं मनगट चरकन कापलं, तेव्हा कुठे जाड मोजे आठवले! लेकीनं टॉर्च धरला. आत बघते तर तळाशी दोन बोटं गाळ साठलेला, आणि कुलपाच्या सळईला सेंट्रल लॉकची मोटर ज्या चिमट्यानं जोडली होती, तो चिमटा सैल होऊन खाली सरकलेला. हे सेंट्रल लॉक आम्ही नंतर बाहेरून बसवून घेतलेलं. मोटर आपलं काम करत होती, सळई मात्र अर्धीच वर जात होती. गव्हाच्या त्या दोन दाण्यांचा हिशेब इथे लागला.

चिमट्याचा स्क्रू सैल केला, सळई बोटांनी पार वर ढकलली, आणि लेकीला सांगितलं, "बाहेर जा. आजीच्या बाजूला कमरेनं दाब आणि हँडल ओढ." पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा "टक" असा आवाज झाला आणि दार करकरत उघडलं. आठ महिन्यांनी! आमचे हे पेपर टाकून आले. आल्या आल्या म्हणाले, "लाव बरं एकदा, बघू." मी ओरडलेच, "हात लावू नका!"

कारण इथेच सगळे चुकतात. उघडलेलं दार तपासायला लगेच लावलं आणि ते पुन्हा अडकलं, की झालं, सगळी सकाळ वाया. दार उघडंच ठेवायचं आणि कडीच्या जागी स्क्रूड्रायव्हरची दांडी आकड्यात दाबायची. आकडा दोनदा टकटक करून मिटतो. मग आतलं हँडल ओढून बघायचं, बाहेरचं ओढून बघायचं, कुलूप लावून-काढून बघायचं. दर वेळी आकडा चटकन सुटला पाहिजे. आमचा सुटत होता, पण आळसावल्यासारखा. शिवणयंत्राच्या बॉबिनखाली जुनं तेल आणि धूळ मिळून चिकटा होतो ना, तसा चिकटा त्यात भरला होता. जुन्या टूथब्रशनं तेल मारून घासला, काळं पाणी निघालं, फडक्यानं पुसलं, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. शेवटी बोटभर ग्रीस. नुसतं पातळ तेल लावून ठेवलं तर ते चार दिवसांत वाहून जातं. एवढं केल्यावर आकडा विसेक वेळा मिटवला आणि सोडवला, चिमटा नीट जागेवर आवळला, मग बॅटरी जोडून रिमोटनंही कुलूप लावून-काढून बघितलं. तेव्हा कुठे दार लावलं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला भोकं असतात, ती बहुतेकींनी पाहिलेलीही नसतात. गाडी धुताना खाली वाकून हात फिरवा, सापडतील. आमची गाळानं लिंपून गेली होती, म्हणजे चार पावसाळे पाणी आतच तुंबून पत्रा कुजवत होतं. खराट्याच्या काडीनं ती मोकळी केली. हे काम दर मे महिन्यात करायचं, चारही दारांचं, पाच मिनिटं लागतात.

सगळ्याच दारांना हात घालू नका, हेही सांगायला हवं. गाडीला बाजूनं धक्का बसला असेल आणि दाराभोवतीची फट वरखाली कमीजास्त दिसत असेल, तर ते पत्र्याचं काम आहे. दारात किंवा सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या नव्या गाडीचं पॅनेल घरी उघडू नये. आकड्याची स्प्रिंगच तुटली असेल तर नवं लॉकच बसवावं लागतं. पण गॅरेजात जाताना "दार उघडत नाही" एवढंच सांगू नका. "खुंटी पूर्ण वर येते, आतून उघडतं, बाहेरचं हँडल हलकं पडलंय," असं सांगा. समोरच्याचा सूर बदलतो, बिलही बदलतं.

आणि "चालतंय की" असं कुणी म्हणालं, तर त्यांना २६ जुलै २००५ ची आठवण द्या. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकून काही माणसं गेली. बाहेर पाणी चढलं की चांगलं दारसुद्धा पाण्याच्या दाबानं उघडेनासं होतं. अशा वेळी आधी काच खाली करायची. म्हणून दाराबरोबर मागच्या काचाही खाली-वर होतात ना, ते बघून ठेवा.

आमचा खर्च किती झाला? फवारा, ग्रीसची डबी आणि क्लिपा, पाचशेच्या नोटेतून पैसे परत आले. शिकवणीतल्या त्या मुलाच्या वडिलांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "पॅनेल लावताना स्क्रू उरला नाही ना?" एक उरला होता. तो कुठला, ते अजून कळलेलं नाही.

त्या पौर्णिमेला सासूबाई सकाळी सातलाच नऊवारी नेसून तयार. वाडीला गाडी थांबली तशी मी त्यांच्या बाजूचं दार उघडायला घाईनं उतरून मागे गेले, तर त्या आतून दार उघडून बाहेर उभ्या होत्या. मग मागे वळून त्यांनी ते असं काही धाडकन लावलं की देवळाकडे चाललेली चार माणसं थबकली.

"आई, हळू!" मी म्हणाले.

"लागतंय का नीट, ते बघत होते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा उघडून लावलं.